पंचनाम्यात तिघेच होते

रोहा, २ जून १९९६

प्रिय नमू,

आधी सवयीने 'चि. सौ.' लिहिलं आणि तो कागद फाडला. मग नुसतं 'चि.' लिहून पाहिलं, तेही बघवेना. म्हणून हे असं.

हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्हींचं उत्तर नाही. तुमच्या खाडीकडच्या गावात पोस्टमन रोज येत नाही हे मला ठाऊक आहे, पण तीनच्या तीन पत्रं काही हरवत नाहीत. रोह्याहून पेण एसटीने दीड तास आणि पुढे तुमचं गाव अर्धा तास. एवढ्या अंतरावर सख्ख्या भावाने बहिणीला तिकीट लावून पत्र पाठवायचं, हे मलाच विचित्र वाटतं. पण बाराव्याला मी आलो तेव्हा तू मला बघून आत गेलीस आणि कडी घातलीस. तो कडीचा आवाज अंगणात बसलेल्या सगळ्यांनी ऐकला. त्यानंतर तुझ्या दारात यायचा धीर होत नाही.

मनूचं पहिलीत नाव घातलंस का? तिच्यासाठी दप्तर घेतलंय. पेणला आईकडे ठेवतो, जाशील तेव्हा ने.

तू मला एकदाच काय ते विचारलंस, दवाखान्याच्या आवारात. "त्यांच्या अंगात जॅकेट का नव्हतं, दादा?" मी तेव्हा सांगितलं तेच आज पुन्हा सांगतो. तयारीत काही कमी नव्हतं. दोन्ही कनू, त्या निमुळत्या होड्या, मी माझ्या हाताने बनवलेल्या. कारखान्यांना लागणाऱ्या फायबरच्या टाक्या बनवतो त्याच मालाच्या, टोकांना थर्माकोल भरून बंद केलेल्या, म्हणजे उलटल्या तरी बुडणार नाहीत. आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, सामान ओट्यावर मांडून तपासलं. चार जॅकेटं, शिट्ट्या, वीस मीटर दोर, एक जादा वल्हं, प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे कपडे, औषधाची डबी. कोलाडच्या पुलाखाली नदीत उतरायचं आणि साडेबाराच्या आत रोह्याला पाण्याबाहेर यायचं, हे आमच्या कनू मंडळाच्या फळ्यावर वेळेसकट लिहिलेलं होतं. पेणच्या शाळाशाळांतून मीच पोरांना सांगत आलो की जॅकेटाशिवाय पाण्यात पाऊल टाकायचं नाही. तो माणूस आपल्या मेहुण्याच्या बाबतीत हयगय करील का?

आम्ही तिघं होतो. मी, कमळाकर आणि बाजारातल्या सायकलच्या दुकानाचा महिपती. वाटेत जेवायला थांबलो. ऊन चढलं होतं. कमळाकरने जॅकेट काढलं. मी म्हटलं घाल, तर म्हणाला, "अरे, गुडघाभर तर पाणी आहे." खाडीत वाढलेल्या माणसाला नदी म्हणजे ओहोळ वाटतो. मग पाणी वाढलं, महिपतीची कनू उलटली आणि कमळाकर त्याच्या मागे गेला. मी काठावरून धावलो. तो ओरडून म्हणाला, "हर्षद, येऊ नको." तेच त्याचे शेवटचे शब्द. पंचनाम्यात हे सगळं आहे.

मी त्याला नेलं, असं तू धरून बसली आहेस. तुझा नवरा व्हायच्या आधी दहा वर्षं तो माझा मित्र होता, नमू. डेपोतली ड्यूटी बदलून घेऊन तो स्वतःहून यायचा.

एक ओळ तरी लिही.

तुझा,
दादा


रोहा, १९ ऑगस्ट १९९६

प्रिय नमू,

पाकिटावर तुझं अक्षर दिसलं आणि मी हातातलं काम टाकून वर्कशॉपच्या बाहेर आलो. आत माझंच पत्र निघालं. तू एक शब्दही लिहिला नाहीस. फक्त 'चार जॅकेटं' या दोन शब्दांभोवती लाल पेन्सिलीने गोल केलास. पेन्सिल मनूची असणार.

एक जॅकेट जादा होतं. नेहमी ठेवतो आम्ही.

हे कागदावर लिहिण्यापेक्षा समोर बसून सांगावं म्हणून काल तुमच्याकडे आलो होतो. तू आत होतीस, माजघरातून तुझी पावलं ऐकू येत होती, तेव्हा काय बोलणं झालं ते तू ऐकलंच असशील. तुझ्या सासूबाई, धोंडुबाई, ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. मला वाटलं होतं शिव्या देतील. त्यांनी सूप बाजूला सारलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"नमी नाय यायची बाहेर," म्हणाल्या. "तू आपला बस जरा."

मी बसलो. त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "माझा पोर खाडीत वाढला. बापासंगती मिठागरावर जायचा तवापासून भरतीची येळ इचारल्याबिगर पाण्यात पाय घालीत नव्हता. मला सांगून जायचा, अमक्या येळेला येतो म्हणून. त्या दिवशी पण सांगून गेला, तीन वाजता घरी येतो."

मी तांब्या तोंडाला लावला.

"असा माणूस जाकीट काढून मस्ती करील? तू सांगितलंस, पोलिसांनी लिवलं, गावानं ऐकलं. आता शाळेतली पोरां मनूला बोलतात, तुझा बापूस मस्तीत मेला. ती मला इचारते, आजी, मस्ती म्हंजे काय केलं बाबांनी. मी काय सांगू तिला?"

मी म्हटलं, "मावशी, मी बघतो."

"काय बघतोस तू? बघायचं तवा बघितलंस ना." एवढंच बोलून त्यांनी सूप परत पुढे ओढलं. मी निघालो तेव्हा म्हणाल्या, "सावकाश जा. रस्ता खराब हाय." या शेवटच्या बोलण्याने माझं काय झालं ते लिहीत नाही.

एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. कुणालाच सांगितलेली नाही.

वरच्या वीजकेंद्राचं पाणी सुटलं की कुंडलिका भरते. रोज सकाळी सुटतं, अकरापर्यंत ओसरतं, आणि आपण त्या ओसरत्या पाण्यावर निघतो. पण शनिवारी मी चौकशीला गेलो होतो तेव्हा तिथल्या माणसाने मला स्पष्ट सांगितलं होतं की उद्या दुपारी दुसऱ्यांदा पाणी सुटणार, बारानंतर. मी हिशेब केला, आपण साडेबाराला रोह्यात असू, पाणी मागून येईल. म्हणून कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर कमळाकरने बेत पुढच्या रविवारवर ढकलला असता. पुढच्या रविवारी त्याची ड्यूटी होती, म्हणजे बेत राहूनच गेला असता.

आणि आम्ही साडेबाराला रोह्यात नव्हतो.

पाणी आपोआप वाढलं नाही. त्याची वेळ ठरलेली होती आणि ती मला माहीत होती. एवढं तरी तुला कळायला हवं होतं.

दादा


रोहा, ९ डिसेंबर १९९६

नमू,

चौथं जॅकेट जादा नव्हतं. ते अनिताचं होतं.

हे नाव तू पहिल्यांदा ऐकत असशील. गडबच्या हैबतरावांची मुलगी, तिथल्या बालवाडीत शिकवायची. पेणच्या कॉलेजात मी एकदा कनूची माहिती सांगायला गेलो होतो, तेव्हापासून मंडळात यायला लागली. पोहता यायचं नाही तिला, जेमतेम तरंगायची. त्या रविवारी आम्ही चौघं होतो. पंचनाम्यात तिघेच आहेत.

गेल्याच्या आधीच्या शुक्रवारी ती वर्कशॉपवर आली. मे महिन्यात तिचं लग्न झालं, चिपळूणला दिलीय. नवरा बरोबर होता. तो दाराशी उभा राहिला आणि ती आत आली. मी फायबरच्या धुळीने पांढरा झालो होतो. ती म्हणाली, "दादा, मी यांना सगळं सांगितलंय. आता माझं नाव लिहायला हरकत नाही."

मी म्हटलं, "तुझ्या वडिलांना काय वाटेल?"

"त्यांचं मी बघते. मला भीती होती ती लग्न मोडेल याची. ती आता नाही." मग ती जरा थांबली. "तुमची कसली भीती आहे ते मला माहीत नाही. पण कमळाकरदादांच्या आईला मी अजून तोंड दाखवलेलं नाही. मला त्यांनी पाण्यातून काढलं, आणि लोक म्हणतात तो माणूस मस्तीत गेला. मला झोप लागत नाही."

तिच्या नवऱ्याने दारातून एवढंच विचारलं, "तुम्ही जाताय ना पोलिसांत, की आम्ही जाऊ?" मी म्हटलं, मी जातो. त्याला आज दहा दिवस व्हायला आले. गेलेलो नाही. आधी तुला सांगावं, असं मनाला समजावतोय.

तर त्या दिवशी असं झालं. तासाभरात गावातली माणसं जमली, कुणीतरी गडबला निरोप दिला आणि हैबतराव जीप घेऊन आले. अनिता झाडाखाली ओल्या कपड्यांत थरथरत बसली होती. त्यांनी तिला गाडीत घातलं आणि मला बाजूला घेतलं. एवढा मानाचा माणूस, पण हात जोडले माझ्यापुढे. "हर्षद, पोरीचं जमत आलंय. तीन पुरुषांबरोबर नदीवर गेली होती, असं पेपरात आलं तर संपलं सगळं. ती इथे नव्हती. एवढं कर."

मी लगेच हो म्हटलं. उपकार केल्यासारखं म्हटलं. खरं हे आहे की मला ते फार सोयीचं पडलं. अनिता नसली की कमळाकर पाण्यात का गेला, जॅकेटं का काढली, हे कुणी खोलात जाऊन विचारणार नव्हतं. महिपतीला मी डोळ्यांनी खुणावलं. तो उलट्या कनूला धरून पुढच्या वळणावर आपला आपण बाहेर पडला होता, दातावर दात आपटत होते त्याचे. त्यानेही मान डोलावली. असं आम्ही दोघांनी मिळून पंधरा मिनिटांत सगळं ठरवलं. तोवर कमळाकर सापडलाही नव्हता.

जॅकेटं मी काढायला लावली. मंडळाचं माहितीपत्रक छापायचं होतं. त्यावर नदीचा फोटो हवा होता आणि त्या नारिंगी जॅकेटांत माणसं पोत्यासारखी दिसत होती. मी म्हटलं, पाच मिनिटं काढा, दोन फोटो घेतो. कमळाकर म्हणाला, "राहू दे ना अंगात, फोटोत काय होतं." मी म्हटलं, "अरे, गुडघाभर तर पाणी आहे." ते वाक्य माझं आहे. तुला लिहिताना मी ते त्याच्या तोंडी घातलं.

रोल इतके महिने धुतलाच नव्हता. अनिता गेल्यावर पनवेलला जाऊन धुवून आणला, इकडे सगळे ओळखतात म्हणून. शेवटच्या फोटोत तिघंही आहेत, जॅकेटाशिवाय. महिपती आणि अनिता हसतायत. कमळाकर माझ्याकडे बघत नाही, पाण्याकडे बघतोय. मागे पाण्यावर फेस दिसतो. फोटो काढताना मला तो दिसला नव्हता.

फोटो तुला पाठवत नाही. मनूच्या हाती लागायला नको.

हर्षद


रोहा, १७ फेब्रुवारी १९९७

नमू,

परवा तू गेल्यावर मी एसटी स्टँडवर तसाच बसून होतो. तू काय मागितलंस ते विसरू नये, त्यात माझ्या सोयीचं काही मिसळू नये, म्हणून आधी तेच लिहून काढतो. चुकलं असेल तर कळव.

जानेवारीत मी पोलीस ठाण्यात जाऊन नवा जबाब दिला, फोटो आणि रोल दिला, हे तुला धोंडुबाईंकडून कळलं. अनिता आणि तिचा नवरा त्यांना भेटून गेले. अनिता त्यांच्या पायाशी बसून रडली आणि त्यांनी तिची वेणी घालून दिली, हे तू सांगितलंस. मला ते माहीत नव्हतं. माझ्यावर हयगयीचा गुन्हा नोंदलाय. फौजदार मला म्हणाले, "वर्षभराने आलात. लवकर आला असतात तरी तुमचं काही वेगळं झालं नसतं, पण त्याच्या घरच्यांचं झालं असतं." 

महिपती माझ्याशी बोलत नाही. म्हणतो, एकदा खोटं बोलायला लावलंस, आता खोटा पाडलास. मंडळ बंद झालं. कनू मी करवतीने कापल्या. हे मी तुला सांगायला लागलो, तर तू म्हणालीस, "मला तुझं ऐकायचं नाहीये."

मग तू विचारलंस, "येऊ नको, असं म्हणाले ते?"

मी म्हटलं, "नाही."

तू म्हणालीस, "मला माहीत होतं. ते असं म्हणणारे नव्हते. पाण्यात माणूस असताना काठावर उभं राहणं त्यांना समजलंच नसतं." नंतर तू विचारलंस, "मग काय म्हणाले?"

मला सांगता आलं नाही. समोरचा चहा तसाच राहिला. पेणची गाडी लागली आणि तू उठलीस. म्हणालीस, "दादा, मला माफीबिफी काही नको. तुझं दुःखही नको, माझं मला पुरे आहे. मनू आता सहाची झाली. आपला बाप कसा गेला ते तिला तिच्या वर्गातली पोरं सांगतात. तू लिही. काय झालं तेवढंच. तिला वाचून दाखवता येईल असं. आणि त्यात ते काय म्हणाले तेही लिही. मग पुन्हा पत्र पाठवू नको."

मी विचारलं, "पुन्हा म्हणजे कधीच?"

तू गाडीत चढलीस. कंडक्टरने दार ओढलं. खिडकीतून तू माझ्याकडे बघितलं नाहीस, मी गाडी वळेपर्यंत उभा होतो.

आठवडाभर मला वेळ दे. दोनदा बसलो लिहायला. दोन्ही वेळा शेवटच्या दोन मिनिटांपाशी हात थांबला. एकदा तर काय झालं सांगतो, पेन आपोआप 'येऊ नको' कडे वळलं. इतके दिवस ते स्वतःला सांगितलंय की कधीकधी त्याच्या आवाजात ऐकू येतं. तेवढं एक खोटं माझ्याकडे राहिलं होतं, नमू, ज्याच्या आधाराने मी कामावर जात होतो, जेवत होतो. तेही तू नेलंस. नेलंस ते बरोबर केलंस.

हर्षद


रोहा, २ मार्च १९९७

मनू,

हे तुझ्या बाबांबद्दल आहे. आई तुला वाचून दाखवील. यातला शब्द न् शब्द घडलेला आहे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी तुझे बाबा, मी, महिपतीकाका आणि अनितामावशी कोलाडहून रोह्याला नदीतून निघालो. कनू म्हणजे लांब, निमुळती, हलकी होडी. दोन होत्या. निघताना तुझ्या बाबांनी सगळ्यांच्या जॅकेटांचे पट्टे स्वतः ओढून पाहिले. अनितामावशीचा पट्टा सैल होता, तो सोडून परत बांधला. कोरड्या कपड्यांच्या पिशवीला दोन गाठी मारल्या. मला विचारलं, "पाण्याची चौकशी केलीस ना?" मी म्हटलं, "केली. काही काळजी नाही." ते खोटं होतं. दुपारी पाणी वाढणार आहे हे मला माहीत होतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

बाराच्या आधी एका वळणावर आम्ही भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. ती तुझ्या आजीने दिली होती. तुझे बाबा दोनदा म्हणाले, चला आता, आईला तीनला येतो सांगितलंय. मी थांबवलं. मला फोटो काढायचे होते. मी सगळ्यांना जॅकेटं काढायला लावली आणि ती माझ्यापाशी वाळूवर ठेवली. मी फोटो काढणार होतो म्हणून माझं माझ्या अंगातच राहिलं.

तुझे बाबा आणि अनितामावशी एका कनूत, महिपतीकाका दुसऱ्या कनूत, असे ते नदीच्या मध्यावर गेले. मी काठावरच्या खडकावर उभा होतो. मी चार-पाच फोटो काढले. तेव्हा तुझ्या बाबांनी पाण्यात हात घातला आणि म्हणाले, "हर्षद, पाणी गार झालंय." खाडीकाठच्या माणसाला पाणी बदललेलं हाताला कळतं. त्यांनी विचारलं, "वेळ काय झाली?" मी घड्याळ बघितलं नाही. म्हटलं, "आणखी एकच."

तो फोटो काढला आणि पाणी आलं. मोठी लाट वगैरे नव्हती. नदी एकदम रुंद झाली. वाळूवरची जॅकेटं सगळ्यात आधी वाहून गेली. तुझे बाबा ओरडले, "काठाला, काठाला," आणि त्यांनी कनू वळवली. ती पाण्यात पडलेल्या एका झाडाला अडून कलंडली. अनितामावशी पाण्याखाली गेली. तिला पोहता येत नव्हतं. तुझ्या बाबांनी बुडी मारली, तिला केसांना धरून वर आणलं, झाडाच्या फांदीवर तिचे दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, "सोडायचं नाही. मी आहे मागे." मग फांदीफांदीने तिला पुढे सरकवत त्यांनी काठावर आणलं. मी तिला वर ओढलं.

तुझ्या बाबांचे पाय जमिनीला लागले होते. पाणी त्यांच्या मांडीपर्यंत होतं. ते माझ्यापासून चार हातांवर उभे होते, दम लागला होता. तेवढ्यात महिपतीकाकांची कनू उलटली आणि ते ओरडायला लागले. दोर त्याच कनूत होता. महिपतीकाका पुढे आपले आपण वाचले, पण तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं. डोकं दिसत होतं आणि जात होतं.

तुझ्या बाबांनी मस्ती केली नाही. त्यांनी जॅकेट आपणहून काढलं नाही. ते बाहेर आलेले होते. त्यांना परत पाण्यात जायची गरज नव्हती. हे तुला कुणी काही म्हणालं तर सांग, आणि हर्षदमामाने लिहून दिलंय, त्याने डोळ्यांनी बघितलंय, असं सांग.

आता ते काय म्हणाले ते.

त्यांनी महिपतीकाकांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. माझ्या अंगात जॅकेट होतं, पट्टे त्यांनीच ओढून बांधलेले. मला पोहता येतं. ते म्हणाले, "हर्षद, चल. दोघं जाऊ."

मी म्हटलं, "हो."

ते वळले आणि पाण्यात गेले. ते एकटे जायला निघाले नव्हते मनू, आम्ही दोघं जाणार होतो. मध्यावर पोचल्यावर त्यांनी एकदा मागे बघितलं.

मी खडकावरच होतो.